काकांचा गुडघा आणि वरची वस्ती

इस्तंबूलहून कापादोकियाला जाताना आमच्या सहलीची बस दुपारी सफ्रानबोलूला थांबते. माझा ठरलेला क्रम असा: वर किरानकोय भागात सगळ्यांना उतरवायचं, डोकी मोजायची आणि उतारानं खाली चुकुरमध्ये न्यायचं. चुकुर म्हणजे खळगा. बाजार तिथेच, लोहार आळी, 1645 सालचा जिंजी हान म्हणजे जुनी सराई, केशराचा लोकुम म्हणजे तुर्की मिठाई. 1994 मध्ये युनेस्कोच्या यादीत हे गाव आलं तेव्हापासून कॅमेरे खालीच वळतात. किरानकोय मला फक्त बस लावायची जागा म्हणून ठाऊक होतं.

त्या दिवशी साताऱ्याच्या एका काकांचा गुडघा धरला. उतार, त्यात गोटे बसवलेला रस्ता. गटाला स्थानिक गाईडबरोबर पाठवून मी काकांपाशी थांबलो. मनात म्हटलं, आता दीड तास यांच्या राजकारणावरच्या गप्पा.

काका निवृत्त कंत्राटदार. थोडं बसले आणि काठी टेकत समोरच्या घराच्या भिंतीवर बोटं फिरवू लागले. "अहो, खाली ती घरं दिसतायत ना, ती आपल्या वाड्यांसारखी. लाकडी सांगाडा, मधे कच्च्या विटा, माडी बाहेर काढलेली. हे मात्र दगडात चढवलंय. आणि खाली दुकानाचा गाळा. हे बांधणारे लोक वेगळे असणार."

मी "असतील" म्हणून वेळ मारून नेली. मग आम्ही रमतगमत उलू जामीपर्यंत गेलो. मशीद खरी, पण काका अंगणातच थबकले. "ही मुळात मशीद नाही हो. अंग बघा तिचं."

गाईड परतल्यावर विचारलं. किरानकोय ही पूर्वी ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कारागिरांची आणि व्यापाऱ्यांची वस्ती; खाली धंदा, वर बिऱ्हाड. 1923 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. दहा लाखांहून जास्त ऑर्थोडॉक्स ग्रीसला गेले, चारेक लाख मुसलमान इकडे आले. निकष धर्माचा, भाषेचा नव्हे; त्यामुळे घरात तुर्कीच बोलणारे कितीतरी जण 'ग्रीक' ठरून गेले. ती मशीद म्हणजे पूर्वीचं सेंट स्टीफनचं चर्च, 1956 मध्ये बदललेलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "गवंडीच गेले म्हणजे," एवढंच म्हणाले. मग भिंतीच्या कोपऱ्यातल्या एका निसटू पाहणाऱ्या दगडाकडे बोट दाखवून बराच वेळ कुरकुरत राहिले: नंतर कुणीतरी सिमेंट भरलं होतं, चुना भरायला हवा होता.

आता मी किरानकोयला वीस मिनिटं ठेवतो. गेल्या सहलीत चार काकू बसमधून उतरल्याच नाहीत. लोकुमचं दुकान बंद होईल म्हणाल्या.