आमची वाटचाल : सिलिंडरच्या आधी खोली

बेळगावच्या उद्यमबागेतलं आमचं वर्कशॉप वडिलांनी सुरू केलं ते आग विझवायच्या बाटल्या भरून द्यायला. फाउंड्र्या, दवाखाने, खडेबाजारातली दुकानं अशी गिऱ्हाइकं. मग सहकारी सोसायट्या नि बँकांमध्ये सर्व्हर रूम आल्या. तिथे पाणी चालत नाही, पावडर तर नाहीच. अशा ठिकाणी वापरायचा हॅलॉन गॅस ओझोनच्या मुळावर उठला म्हणून जगभर बंद होत गेला आणि त्याच्या जागी एचएफसी-२२७ईए हा गॅस बसला. दहा सेकंदांत खोली भरते, मशीनला डाग नाही. आमचा धंदा खरा वाढला तो याच गॅसवर.

ओझोनला तो सुरक्षित आहे, हे खरंच. पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजार पटींहून भारी. साठ किलोचा एक सिलिंडर रिकामा झाला की सुमारे २०० टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. त्याला आगच लागायला हवी असंही नाही. गळका व्हॉल्व्ह, खोटा अलार्म, निष्काळजी सर्व्हिसिंग, एवढं पुरतं. एचएफसी गटातले वायू कमी करायचा जागतिक करार, म्हणजे किगाली दुरुस्ती, भारताने २०२१ मध्ये मान्य केली. २०२८ पासून एचएफसीचा वापर आहे तिथेच गोठेल, २०३२ पासून उतरेल, २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचाय. म्हणजे आज बसवलेल्या सिलिंडरचं रिफिल उद्या महागच होणार. गिऱ्हाइकाला पर्यावरण सांगून जे पटत नाही, ते या एका वाक्याने पटतं.

"मग आतला गॅस तेवढा बदला की ओ," असं प्रत्येक जण म्हणतो. तसं होत नाही. पाइपांचा हिशेब नव्याने करावा लागतो, नोझल बदलतात. आणि त्याआधी खोली गळते का ते तपासावं लागतं. शहापुरातल्या एका सोसायटीचं ऑफिस जुन्या वाड्यात आहे. दाराच्या चौकटीत पंखा बसवून गळतीची टेस्ट घेतली तर आकडा काही केल्या जमेना. आमच्या पोराने उदबत्ती पेटवून भिंतीकडेने फिरवली. केबलच्या भोकापाशी धूर सरळ आत ओढला गेला. फॉल्स सीलिंगची एक पाटी सरकवली तर वर थेट कौलं! गॅस दहा मिनिटं तरी खोलीत टिकायला हवा. इथे मिनिटभरही टिकला नसता. आधी गवंडी बोलावला.

पर्याय मुख्यतः दोन. एफके-५-१-१२ बाटलीत पाण्यासारखा दिसतो, तापमानवाढीचा आकडा (कार्बन डायऑक्साइडचा एक धरून) एकापेक्षा कमी, जागाही थोडीच लागते. पण तो पीएफएएस गटातला, म्हणजे निसर्गात सहजी न विरणाऱ्या रसायनांतला. ही रसायनं बनवणं २०२५ अखेर थांबवू, असं थ्रीएम या अमेरिकन कंपनीने २०२२ मध्येच जाहीर केलं. दुसरे बनवणारे आहेत, तरी मी डोळे मिटून तो सुचवत नाही. नायट्रोजन-आर्गॉन हवेतलेच, आकडा शून्य. खोलीतला ऑक्सिजन २१ वरून १२-१३ टक्क्यांवर आणतात. आग मरते, माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. मात्र हे वायू २०० ते ३०० बार इतक्या दाबाने भरलेले, सिलिंडर कितीतरी जास्त, शिवाय भिंतीत दाब सोडणारी झडप हवीच. "मालक, इथं कपाटाला जागा नाही ओ," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. कोणी स्वस्तात कार्बन डायऑक्साइड मागितला, तर माणसं बसतात त्या खोलीत आम्ही तो बसवत नाही. आग विझण्याइतका भरला की तो माणसालाही मारतो. ऑर्डर गेली तर गेली.

काढलेल्या जुन्या गॅसचं काय? "सोडून द्या बाहेर, हवाच ती," असं साइटवर हमखास ऐकू येतं. आम्ही तो मशीनने ओढून परत भरतो. ज्यांची जुनी सिस्टीम अजून चालू आहे त्यांच्या रिफिलला उपयोगी पडतो.

कागद दोन राज्यांचे. इकडे कर्नाटकची अग्निशमनाची एनओसी, कन्नडमध्ये. पलीकडे चंदगड-कागलकडे महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैला फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला. फायली दोन रंगांच्या ठेवल्यात, एवढाच उपाय.

सध्या चिक्कोडी भागातल्या एका साखर कारखान्याच्या कंट्रोल रूमचं काम हातात आहे. जुन्या जनरेटरच्या खोलीत नायट्रोजनचे सिलिंडर मावतील असं माप निघालंय. झडपेसाठी भिंत फोडायचीय, ती मात्र गाळप संपल्यावरच.