मागच्या खोलीतला बँड, सांगली: आत्तापर्यंतचं काम

दुकानात पुढे पेटी-तबला, मागे डिस्टॉर्शन, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज. सांगलीतल्या या वाद्यांच्या दुकानाने पोरांच्या बँडला मागची खोली सरावाला दिली आहे.

घरघर गेली. बास अँपची लाइन मिक्सरला लावली की ती सुरू व्हायची. अँप आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर असल्यामुळे अर्थचा लूप (अर्थिंगच्या तारांचं बंद वेटोळं) होत होता. सगळं एकाच सॉकेटवरून घेतलं आणि विषय संपला. काही जण अशा वेळी प्लगची अर्थ पिन मोडतात. घरघर तशीही थांबते, पण अँपमध्ये बिघाड झाला तर गिटारच्या तारांत करंट उतरतो आणि माइकला ओठ टेकताच झटका. जिवाशी खेळ आहे, करू नका.

दुकानाची खरी मदत सूट देण्यात नाही, सेटअपमध्ये, म्हणजे गिटार वाजण्याजोगी जुळवून देण्यात आहे. स्वस्त गिटार खोक्यातून काढल्या काढल्या धड वाजत नाही. ०.०१०–०.०४६ इंच जाडीच्या तारा चढवून सुरात लावल्या. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा लावून, नेक बॉडीला मिळते तिथे जाड तार दाबली आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट ०.२५ मिमी ठेवली. ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) एका वेळी पाव फेराच, मग पुन्हा सूर लावून मोजायचं. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड तारेला २ मिमी, बारीक तारेला १.५. इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) सगळ्यात शेवटी: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा आला तर सॅडल (बॉडीकडे तार टेकते तो तुकडा) मागे, उतरला तर पुढे. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, त्यामुळे दसऱ्यानंतर हे सगळं परत तपासायचं.

नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा मिरजेच्या सतारमेकरकडून घासून घेतल्या. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागद जाईल एवढीच फट हवी. सतारीला जी जवारी (तारेची झणझण) मुद्दाम काढतात, ती गिटारच्या मोकळ्या तारेत आली म्हणजे खाच जास्त खोल गेली. मग नट नवाच.

भिंतीला अंड्याचे ट्रे लावू नका. ड्रमचा आवाज ते अडवत नाहीत. तो दाराच्या फटीतून जातो, तिथे रबर पट्टी मारली. शटर अजून खडखडतंय.

गायकाचा माइक अजून शिट्टी मारतो. कार्डिऑइड माइक आहे, म्हणजे समोरचा आवाज घेतो आणि पाठीमागचा टाळतो, त्यामुळे मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) बरोबर माइकच्या पाठीमागे ठेवलाय. तरी पोरगं जाळी मुठीत धरतं आणि माइक चहूबाजूंनी आवाज ओढायला लागतो. ही सवय मोडली की मग लेव्हल लावू.