लूविट ट्रेल: ज्वालामुखीला चार दिवसांची उजवी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लेकाकडे, भाच्याकडे उन्हाळ्यात जाणारी माणसं आता बेळगावात गल्लीगल्लीत सापडतात. त्यांतल्या ज्यांना रविवारी येळ्ळूरगड चढून आल्याशिवाय करमत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तिथं वॉशिंग्टन राज्यात माउंट सेंट हेलेन्स हा जागा ज्वालामुखी आहे आणि त्याच्याभोवती फिरून मूळ जागी आणणारी पन्नासेक किलोमीटरची पायवाट आहे. तिचं नाव लूविट ट्रेल. गेल्या ऑगस्टच्या शेवटी मी आणि माझा भाचा ती चार दिवसांत चालून आलो.

मी खानापूर तालुक्यात भूगोल शिकवते. "आपण लाव्हावर राहतो" हे वाक्य वर्गात किती वेळा बोलले असेन, मोजदाद नाही. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या थरांची दक्षिणेकडची कड आपल्या बेळगावच्या आसपास संपते. गडांना वापरलेला काळा फत्तर तोच, आणि जांबोटीच्या वाटेवर दिसणारा तांबडा जांभा म्हणजे तोच फत्तर ऊन-पावसानं कुजून झालेला. पोरं मान डोलावतात, पण लाव्हा म्हणजे काय हे त्यांना दिसत नाही. खरं तर मलाही दिसलेलं नव्हतं. म्हणून गेले.

दोन्ही लाव्हांत एक मोठा फरक आहे. आपला लाव्हा पातळ होता. भेगांतून वर आला आणि पसरत गेला. सेंट हेलेन्सचा चिकट. त्यात वायू कोंडून राहतो आणि मग फुटतो. १८ मे १९८० रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी भूकंप झाला, डोंगराची उत्तरेकडची अख्खी बाजू घसरली आणि आत कोंडलेलं सगळं आडवं बाहेर पडलं. ५७ माणसं गेली. सुमारे ६०० चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं. २,९५० मीटरचा डोंगर २,५४९ मीटरचा उरला. ही पायवाट त्या फुटलेल्या तोंडासमोरून जाते.

उंचीची भीती बाळगू नका. वाटेवरची सगळ्यात उंच जागा सुमारे १,४९० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही खाली. दमछाक होते ती जमीन सुटी असल्यामुळं. सह्याद्रीत पायाखाली खडक भक्कम असतो आणि वाट झाडीत हरवते. तिथं वाट लांबून दिसते, पण पाय टेकला की सरकतो. राख, वाळू, नाहीतर प्युमिसचे, म्हणजे वायूच्या फुग्यांनी पोकळ झालेल्या लाव्हाच्या दगडाचे, हलके खडे. तयारीसाठी मी तीन महिने पाठीवर बारा किलो घेऊन मुद्दाम मुरमाड उतारावरून चढउतार केली आणि ती कामी आली. नुसतं पायऱ्या चढून भागणार नाही. काठ्या मात्र दोन घ्या. एका काठीवर तिथं निभत नाही.

पोर्टलंडहून गाडीनं दीडेक तासात कूगर नावाचं छोटं गाव लागतं. पेट्रोल आणि किरकोळ सामान तिथंच घ्या, पुढं काही नाही, फोनही लागत नाही. आम्ही जून लेकच्या बाजूनं, म्हणजे डोंगराच्या दक्षिणेकडून सुरुवात केली आणि पश्चिमेकडं वळलो. दोन्ही दिशांनी जाता येतं, पण देवाला घालतात तशी उजवी प्रदक्षिणा घालायची हे मी निघतानाच ठरवलं होतं. भाचा म्हणाला, "चालतंय की आत्ती, मला काय दोन्ही सारखंच."

जून लेक हे लहानसं तळं. त्याच्या काठाला लाव्हाच्या कड्यातून धबधबा पडतो. पाणी इतकं नितळ की तळचे खडे मोजावेत. तिथं सगळ्या बाटल्या काठोकाठ भरा. आम्ही भरल्या नाहीत. पुढं चॉकलेट फॉल्स नावाचा धबधबा नकाशावर दिसत होता, म्हणून दोघांत मिळून अडीच लिटर घेतलं आणि वजन वाचवलं. मध्ये वर्म फ्लोज नावाचा लाव्ह्याचा पट्टा आहे. नुसते धोंडे, एकावर एक, काही हलणारे. वाट अशी नाहीच. लाकडी खांब आणि दगडांच्या राशी बघत उड्या मारत जायचं. सकाळी अकराच्या सुमारास चॉकलेट फॉल्सला पोचलो तर खडक कोरडा! तो धबधबा वरचा बर्फ वितळेल तसा वाहतो, म्हणजे दुपारनंतर, आणि तेही गढूळ. नावातच ते सांगितलं होतं, आमच्या लक्षात आलं नाही.

"आत्ती, तुझ्यात किती उरलंय?"

"अर्धा लिटर. तुझ्यात?"

"तेवढंच."

त्या एका लिटरवर संध्याकाळपर्यंत घोट घोट करत गेलो. ब्यूट कॅम्पला झरा आहे, पण तो मुख्य वाट सोडून सुमारे दोन किलोमीटर खाली. तेवढं उतरायचं आणि सकाळी परत चढायचं. तरी तिथंच मुक्काम करा असं मी सांगेन. गर्द झाडी आहे, वारा लागत नाही आणि पाणी स्वच्छ आहे. त्या रात्री शेंगापोळी आणि मेतकूट-भात खाल्ला. शेंगापोळी या वाटेसाठी फार उपयोगी. चार दिवस टिकते, चुरगळत नाही, पोटभर होते. चिरमुरे मात्र नेऊ नका, पाठपिशवीतली जागा खातात. गॅसची टाकी विमानात नेता येत नाही, ती तिथंच विकत घ्या. उन्हाळ्याच्या शेवटी वणव्यामुळं शेकोटीला बंदी असते, तेव्हा सरपणाच्या भरवशावर राहू नका. काळी अस्वलं आहेत, म्हणून खाणं तंबूत ठेवायचं नाही. दोरीनं झाडाला उंच बांधा, किंवा तिथं मिळणारा बंद डबा घ्या.

दुसरा दिवस पश्चिमेचा. अर्धा जंगलात, अर्धा घळीत. इथं नकाशा फसवतो. नकाशावर सरळ दिसणारी रेघ जमिनीवर घळीनं तोडलेली असते. वाट काठावर येऊन संपते आणि पलीकडच्या काठावर पुन्हा दिसते, मधला उतार दरवर्षी पावसानं नव्यानं कापलेला. घाई न करता वर-खाली चालून उतरायला बरी जागा शोधायची. शीप कॅनियन ओलांडून शेवटी वाळूच्या धारेवरून साउथ फोर्क टूटल नदीपाशी उतरलो आणि अलीकडच्या काठावर तंबू ठोकला. पलीकडं मुक्कामाला परवानगी नाही. नदी ओलांडल्यापासून विंडी पास खिंड पार होईपर्यंतचा, सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरचा पट्टा शास्त्रज्ञांच्या अभ्यासासाठी राखून ठेवलाय. तिथं वाटेवरून बाजूला पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर दंड शंभर डॉलरपासून सुरू. हा नियम मनापासून पाळा, का ते पुढं येईल.

टूटलचं पाणी राखाडी, पिठाच्या पाण्यासारखं. भाच्याच्या नव्या कोऱ्या फिल्टरमधून जेमतेम एक लिटर गेलं आणि तो बसला. दाबून दाबून हात दुखले. माझ्या पिशवीत तुरटीचा खडा होता, आईची सवय, प्रवासाला निघताना टाकतेच. भांड्यातल्या पाण्यात तो चार वेळा फिरवला, तासभर तसंच ठेवलं, वरचं निवळ सुती फडक्यातून गाळलं, फिल्टर उलटा धुऊन मग त्यातून काढलं आणि खात्रीसाठी उकळलं. एवढी यातायात करून चार लिटर मिळालं. तुरटीचा सुपारीएवढा खडा आणि घडी करता येणारी बादली, या दोन गोष्टी कुणीही विसरू नका.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी उठलो. नदी पहाटे ओलांडायची, कारण रात्री बर्फ वितळायचं थांबतं आणि पाणी उतरतं. गुडघ्याच्या खालीच होतं, पण गार इतकं की पलीकडं गेल्यावर पाय आपले वाटेनात. खरी अडचण पुढं. पलीकडचा काठ म्हणजे वाळू आणि गोट्यांची उभी भिंत आणि तिच्यावरून कुणीतरी सोडून ठेवलेला दोर. असा दोर बहुतेक वेळा असतो, पण तो किती उन्हा-पावसात पडलाय ते आपल्याला माहीत नसतं.

"ओढून बघितलास काय?"

"बघितलो की. पण सगळा भार टाकू नको आत्ती, तोल सावरण्यापुरताच धर."

एका वेळी एकच माणूस. खालचा माणूस थेट खाली उभा राहायचा नाही, बाजूला, कारण वरच्याच्या पायाखालून गोटे सुटतातच. माझ्या पायाखालून नारळाएवढा एक सुटला आणि भाचा जिथं उभा नव्हता तिथून खाली गेला. पूर्ण वाटेवर मला भीती वाटली ती या दहा मिनिटांत. ज्यांना कड्यावर हात-पाय गळल्यासारखं होतं त्यांनी हा भाग सोडावा. दक्षिणेकडून जून लेकपर्यंत, किंवा पूर्वेकडून एप कॅनियनच्या वाटेनं अब्राहमच्या मैदानापर्यंत एका दिवसात जाऊन येता येतं आणि त्यातही पुष्कळ बघायला मिळतं.

वर आलो आणि डोंगराचं फुटलेलं तोंड समोर आलं. घोड्याच्या नालासारखा खड्डा, उत्तरेला उघडा. आत १९८० ते १९८६ आणि पुन्हा २००४ ते २००८ या काळात वर आलेले लाव्ह्याचे घुमट. त्यांच्या मागच्या सावलीत स्फोटानंतर बर्फाची नवी हिमनदी तयार झालीय. माझ्याहून वयानं लहान असलेली हिमनदी! खड्ड्याच्या कडेवरून दगड कोसळत राहतात. आधी धुरळा दिसतो, आवाज मागून येतो.

उत्तरेकडं स्पिरिट लेक दिसतं. त्याच्या पाण्यावर त्या दिवशी उन्मळलेली झाडं अजून तरंगतायत, वारा नेईल तिकडं सगळी मिळून सरकतात. त्याच बाजूच्या धारेवर डेव्हिड जॉन्स्टन हा भूगर्भशास्त्रज्ञ त्या सकाळी नोंदी घेत होता. डोंगरापासून दहाएक किलोमीटरवर असूनही तो वाचला नाही. आता त्या धारेला त्याचंच नाव आहे. मी वाटेवरच त्या धारेकडं बघत थोडा वेळ बसून राहिले. मोजणारा माणूस मोजता मोजता गेला, हे पोरांना कसं सांगायचं याचा विचार करत होते.

या मैदानात सावलीचं एक झाड नाही. पण वाटेच्या अगदी कडेला बुटकं, चंदेरी पानांचं एक झुडूप पसरलं होतं. फुलं संपून शेंगा धरल्या होत्या. भाच्यानं विचारलं, "हे काय वाटाण्यासारखं?" वाटाण्याच्याच कुळातलं ते, ल्युपिन. स्फोटानंतर या ओसाडीत पहिल्यांदा रुजलं ते हे. मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरून ठेवतं, मेल्यावर जमिनीला देतं आणि मग बाकीच्या झाडांना तिथं उगवता येतं. आपल्याकडं भात कापल्यावर त्याच वाफ्यात मसूर, वाटाणा टाकतात ते काय वेगळं आहे? इथल्या काही जागांवर शास्त्रज्ञ चाळीसहून जास्त वर्षं एकेका रोपाची नोंद ठेवतायत. आपलं एक चुकार पाऊल त्यातलं वर्ष पुसू शकतं. दंडापेक्षा मला ते जास्त लागलं.

लूविट फॉल्सच्या पुढं मैदानात झरे आहेत. लांबून हिरवी विलोची झुडपं दिसली की पाणी समजावं. हे पाणी स्वच्छ, त्यामुळं विंडी पास चढण्याआधी इथंच भरून घ्या. खिंडीचा चढ उभा आणि भुसभुशीत, आणि नावाप्रमाणं वारा. राख डोळ्यांत जाते, साधा गॉगल पुरत नाही, बाजूनं बंद असलेला हवा. पायाला गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारं कापडी वेष्टन, नसेल तर बुटात खडे जाऊन फोड येतात. भाच्याला आले. खिंड उतरून अब्राहमच्या मैदानावर तंबू लावला. तिथंही आडोसा नाही, खुंट्यांवर दगड ठेवावे लागले. संध्याकाळी पूर्वेला माउंट अ‍ॅडम्स गुलाबी झाला. स्थानिक आदिवासींच्या कथेत लूविट ही अग्नी जपणारी स्त्री. तिच्यासाठी दोन वीर भांडले आणि तिघांचेही डोंगर झाले. त्यातला एक हा अ‍ॅडम्स.

चौथा दिवस पूर्वेच्या घळींचा. दोरवाल्या भिंतीनंतर त्या सोप्या वाटतात, पण दुपारी थकलेल्या पायांनी घाई करू नये. तीनच्या सुमारास जून लेकला परत.

जुलै अर्धा सरेपर्यंत वाटेवर बर्फ असू शकतो आणि सप्टेंबर उलटला की पाऊस, म्हणून मधले आठवडे धरा. चालायला परवाना लागत नाही, शिखरावर चढायचं तर वेगळा लागतो. गाडी लावायला काही ठिकाणी पास घ्यावा लागतो. निघायच्या आदल्या दिवशी वनखात्याकडं रस्त्यांची चौकशी कराच. उत्तरेकडचा, जॉन्स्टन धारेवर जाणारा मोठा रस्ता मे २०२३ मध्ये दरड कोसळून तुटला, दक्षिणेकडचे रस्तेही पावसात वाहून जातात. प्रवासाचा विमा काढताना डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचून घ्या. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र भाड्यानं मिळतं, आम्ही घेतलं होतं. रोज रात्री घरी "पोचलो" एवढा निरोप जायचा आणि शहापुरात वहिनीला झोप लागायची.

तिथला दगड उचलून आणायला मनाई आहे, म्हणून पोरांसाठी मी काही आणलं नाही. जून लेकच्या काठावर मुठीएवढा प्युमिसचा तुकडा पडला होता. तो पाण्यात सोडला, भाच्यानं मोबाइलवर टिपलं आणि मग तुकडा होता तिथं ठेवला. शाळेत परतल्यावर सातवीत ते दाखवलं. दगड तरंगतोय हे बघून मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून फळ्यापाशी आला आणि म्हणाला, "बाई, परत एकदा लावा की."