लिंबाला नेमके काय कमी पडले होते

इंदूरमधील आमच्या घराच्या मागच्या अंगणात एक कागदी लिंबू आहे. तीन वर्षांपूर्वी त्याची नवी पालवी फिकट पिवळी निघाली. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या आणि मधला भाग पांढुरका दिसू लागला. शेजारच्या काकूंनी सांगितले, "अगं, खत कमी पडतंय त्याला." मलाही ते पटले, म्हणून मी आधी शेणखत, मग युरिया आणि शेवटी एका रोपवाटिकेतून आणलेले बाटलीतले टॉनिक घातले. झाड मात्र आणखी पिवळे पडत गेले. तेव्हा झाडाचे अन्न म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मी प्रथमच गांभीर्याने हाती घेतला.

खत आणि अन्नद्रव्य हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि माझी चूक तिथेच सुरू झाली होती. शास्त्राच्या भाषेत वनस्पतीचे अन्नद्रव्य म्हणजे एखादे मूलद्रव्य. शेणखत, युरिया किंवा राख ही ती मूलद्रव्ये झाडापर्यंत पोहोचवण्याची साधने आहेत. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असते, परंतु लोह अजिबात नसते. त्यामुळे ज्या झाडाला लोह कमी पडले आहे त्याला युरिया कितीही दिला तरी त्याची ती उणीव भरून निघत नाही.

मग कोणते मूलद्रव्य अन्नद्रव्य मानायचे? पानाची राख तपासली तर तिच्यात ॲल्युमिनियमपासून अनेक मूलद्रव्ये सापडतात, परंतु मुळांनी जे जे शोषले ते सगळेच झाडाला लागते असे नाही. कॅलिफोर्नियातील आर्नन आणि स्टाउट या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये यासाठी तीन कसोट्या मांडल्या. ते मूलद्रव्य नसेल तर वनस्पतीला आपले जीवनचक्र पूर्ण करता येऊ नये. त्याची उणीव दुसऱ्या कोणत्याही मूलद्रव्याने भरून निघू नये. आणि वनस्पतीच्या चयापचयात त्याचा प्रत्यक्ष सहभाग असावा. या कसोट्यांवर आज १७ मूलद्रव्ये उतरतात. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवा व पाण्यातून मिळतात आणि वाळलेल्या झाडाच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग या तिघांचाच असतो. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक जास्त प्रमाणात लागतात, तर लोह, मँगनीज, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल अगदी थोडे. निकेलची गरज तर १९८७ मध्ये जवाच्या पिकावरील प्रयोगांतून सिद्ध झाली.

या व्याख्येतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की तिथे प्रमाणाला महत्त्व नाही. एक किलो वाळलेल्या पानांत नत्र साधारण १५ ग्रॅम असते आणि मॉलिब्डेनम मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढे. तरीही मुळांनी घेतलेल्या नायट्रेटचा उपयोग करून घेणारे विकर (एन्झाइम) मॉलिब्डेनमवाचून चालत नाही. उलट भाताला सिलिकॉनचा मोठा फायदा होतो, देठ ताठ राहतो, तरी बहुतेक वनस्पती त्याच्याशिवाय जीवनचक्र पूर्ण करतात, म्हणून त्याची गणना उपयुक्त मूलद्रव्यांत होते. आपल्या माळव्यातील सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींना कोबाल्ट लागते, परंतु ते लागते गाठींतील जिवाणूंना. हा भेद काहींना शब्दच्छल वाटेल. मला मात्र तो आवश्यक वाटतो, कारण "झाडाला चांगले" असे म्हणून काहीही विकता येते.

आता लिंबाकडे येते. माती तपासली तेव्हा सामू, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारा पीएच, ८ च्या वर निघाला आणि चुनखडीही भरपूर होती. माळव्याची काळी माती बेसाल्टपासून तयार झालेली आहे आणि बेसाल्टमध्ये लोहाची कमतरता नसते. म्हणजे माझे झाड लोहाच्या राशीवर उभे राहून लोहासाठी उपाशी होते. चुनखडीयुक्त जमिनीत लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते. सामू एकाने वाढला की पाण्यात विरघळलेले फेरिक लोह सुमारे हजार पटीने घटते. त्यात मी उन्हाळाभर बोअरिंगचे जड पाणी घालत होते. त्यातल्या बायकार्बोनेटने ही अडचण आणखी वाढवली.

मी प्रथम हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, आळ्यात घातले. ते वाया गेले, कारण तेही त्याच मातीत अडकले. नंतर त्याचे सौम्य द्रावण पानांवर फवारले, तेव्हा जिथे थेंब बसले होते तेवढेच हिरवे ठिपके उमटले. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहज जात नाही, हे त्या ठिपक्यांनी मला जितके स्पष्ट शिकवले तितके वाचनाने शिकवले नव्हते. नत्र कमी पडले तर झाड जुन्या पानांतून ते काढून कोवळ्या पानांना देते, म्हणून आधी जुनी पाने पिवळी पडतात. लोहाच्या बाबतीत पालवी आधी पिवळी पडते. ही खूण मला आधी वाचता आली असती, तर युरियाची पिशवी उघडलीच नसती. शेवटी ईडीडीएचए या चिलेटमध्ये, म्हणजे लोहाला धरून विरघळलेले ठेवणाऱ्या सेंद्रिय संयुगात, बांधलेले लोह पाण्यातून आळ्यात दिले. हे चिलेट चुनखडीच्या मातीतही टिकते. पुढची पालवी हिरवी आली.

काकूंनी मग विचारले, "मग तुझं ते कंपोस्ट काय कामाचं?" इंदूरमध्ये या प्रश्नाला वेगळे वजन आहे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून येथील वनस्पती उद्योग संस्थेत काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह ती पुस्तकरूपाने मांडली; जगभर ती इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. त्या खतातील ह्यूमस, म्हणजे कुजून उरलेला काळा सेंद्रिय भाग, त्या १७ मूलद्रव्यांच्या यादीत येत नाही. परंतु ते पोषक आयन धरून ठेवते, मातीत हवा खेळती ठेवते, आणि त्यातील सेंद्रिय संयुगे थोडे लोह विरघळलेल्या रूपात राखतात. काकूंना मी एवढेच सांगितले, की कंपोस्टमध्ये अन्न असते आणि ते अन्न साठवण्याची सोयही असते, परंतु मातीतली चुनखडी ते नाहीशी करत नाही.

म्हणून पानगळीचा पाचोळा कुजवून मी दर वर्षी आळ्यात घालते, पावसाचे पाणी पिंपात साठवून लिंबासाठी राखून ठेवते, आणि नव्या पालवीच्या शिरांमधला रंग उतरू लागला की चिलेटचे लोह पुन्हा देते.