हळद, सप्ताह आणि धुळवड

सोमवार

आज गावात तुकाराम बीजेचा सप्ताह बसला आणि आमच्या वीस गुंठ्यांत हळदीला कुदळ लागली. अक्षय तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद शिवरात्रीच्या मागेपुढे काढायला येते, त्यात पाला कापून रान वाळवण्यात पंधरा दिवस जातात. मग एकीकडे वीणा उभी राहते आणि दुसरीकडे मोडणी, म्हणजे खणलेले गड्डे मोडून वेगळे करणं. पहाटे काकड्याचा भोंगा वाजला तेव्हा मी भाकरी थापत होते. त्यातल्या पाच सप्ताहाच्या, बाकीच्या रानातल्या.

मोडणीला मजूर लावत नाही, पैऱ्यानं करतो. आज शेजारच्या बायका आमच्याकडे, पुढं आम्ही त्यांच्याकडे. वहीत कुणी लिहीत नाही, पण कोण कुणाकडे किती दिवस आलं होतं हे आत्यांना (माझ्या सासूबाईंना) बरोबर आठवतं. बांधावर बसून त्या एकेकीला विचारतात, "सून न्हाय आली व्हय गं?" त्यात काळजी किती आणि हिशेब किती, ते ओळखायला मला बरीच वर्षं लागली. हात चालू असतात. जेठा (मधला मोठा) गड्डा एकीकडे, हळकुंडं एकीकडे, सोरा (जुन्या बियाण्याचा) गड्डा तिसरीकडे. जेठे गड्डे बियाण्याला ठेवायचे, सावलीत, वर हळदीचाच पाला झाकून. तोंडंही चालू असतातच. गावातल्या ठरलेल्या आणि फिसकटलेल्या लग्नांची अर्धी माहिती मला मोडणीतच कळते.

मंगळवार

मोडणीच. लाईट या आठवड्यात रात्रीची आहे, त्यामुळे हे दहा वाजता बॅटरी घेऊन उसाच्या खोडव्याला पाणी पाजायला गेले. शेतीला आठ तासच लाईट, तीही पाळीनं. दिवसाची पाळी असती तर बरं झालं असतं, पण मग मोडणीची पोती कुणी उचलली असती?

बुधवार

शिजवणी. कुकर भाड्यानं आला. पूर्वी काहिलीत हळद उकळायची, आता वाफेवर ड्रम भरतात. सरपण कमी लागतं आणि हळद सारखी शिजते. मामा (माझे सासरे) मात्र अजून काडी घेऊन उभे. हळकुंडात काडी आरपार गेली की शिजली म्हणायची. कुकरवाला घड्याळ बघून सांगतो, मामा काडी टोचून सांगतात, आणि दोघांचं एकच निघालं तरी दोघं वाद घालतात. मुलांनी भट्टीच्या राखेत रताळी भाजली. धाकटीची दहावी चालू आहे. शनिवारी इतिहास, म्हणून ती पुस्तक घेऊन खळ्यावरच बसली होती. अंगाला वाफेचा वास घेऊन परीक्षेला जाईल बहुतेक.

लोकांना वाटतं इतकी हळद म्हणजे पैसाच पैसा. शंभर किलो ओली हळद शिजवून वाळवली की जेमतेम वीस-पंचवीस किलो हातात येते. त्यातून कुकर, पॉलिश, गाडी, हमाली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे, पण सौद्याच्या दिवशी बोली लावणारा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मामा मग सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर येतात. जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं टिकायची, दर येईपर्यंत थांबता यायचं. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. आता थांबायचं तर गोदामाचं भाडं मोजत थांबायचं.

गुरुवार-शुक्रवार

होळीची पोळी घाईत झाली, कट बरा झाला. गावात खरा प्रश्न धुळवडीचा. एरवी या दिवशी घरोघरी मटण शिजतं, पण सप्ताह बसलेला आणि वेशीच्या आत वीणा उभी. माळकरी म्हणाले, बीज होईपर्यंत कळ काढा. तरुण मंडळ म्हणालं, वर्षाचा सण. शेवटी वेशीबाहेर, मळ्यांत चुली पेटल्या. आमच्या वस्तीवरून वास सरळ हरिपाठापर्यंत गेला असणार. आत्या माळकरी आहेत, त्यांनी दार लावून घेतलं आणि आतून हाक मारली, "मीठ बघून घाला रे." मला ही तडजोड आवडली. कुणी भांडलं नाही आणि कुणी उपाशी राहिलं नाही.

शनिवार

धाकटी पेपर बरा गेला म्हणते. दुपारी आभाळ भरलं आणि खळ्यावरची सगळी हळद ताडपत्रीखाली घ्यावी लागली. भिजली की रंग जातो आणि रंगावरच दर. शेजारचे न बोलावता आले. पाऊस पडलाच नाही.

रविवार

बारा वाजता बीजेची फुलं उधळली. महाप्रसादाला आमटी-भात आणि गव्हाची खीर. वाढपात थोरल्या जाऊबाईंचे आणि माझे पिवळे हात बघून कीर्तनकार हसले. संध्याकाळी ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा फोन आला, मंगळवारी येतो म्हणाला. महिनाभर त्याच्यामागं लागलोय, ऊस रानात वाळून वजन घटतंय. पण मंगळवारीच शेजारणीची मोडणी आहे आणि तिचा पैरा फेडायचाय. आत्यांचं म्हणणं, टोळीचा चहा-पाणी त्या आणि मामा बघतील, मी मोडणीला जावं. यांचं म्हणणं, मुकादम मंगळवारी येणारच नाही.