वकिलांच्या डिस्कवरची हरवलेली कैफियत

जमिनीचे दावे चालवणाऱ्या एका वकिलांच्या ऑफिसातून फोन आला. जुन्या वाटपाच्या दाव्यातली कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, दुसऱ्या दिवशीच्या तारखेला हवी होती. फाइल डिस्कवर आहे हे नक्की, पण सर्चमध्ये येत नाही. जुन्या कॉम्प्युटरवरचं सगळं नव्या मशीनच्या डी ड्राइव्हवर जसंच्या तसं ओतलेलं. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'डेस्कटॉप जुना' आणि त्याच्या पोटात आणखी एक 'डेस्कटॉप'.

क्लार्क फाइल एक्सप्लोररमध्ये 'शेतकऱ्याची कैफियत' टाइप करून हिरवी पट्टी सरकताना बघत बसला होता. डी ड्राइव्ह इंडेक्समध्ये, म्हणजे विंडोज शोधासाठी आधीच करून ठेवतं त्या यादीत, नव्हताच. विंडोज मुळात मुख्यतः युजरची फोल्डरं आणि स्टार्ट मेनूच इंडेक्स करतं. बाकी ठिकाणी ते एकेक फोल्डर उघडून नावं वाचत जातं, आणि फाइलच्या आतला मजकूर तर फोल्डर ऑप्शन्समध्ये वेगळी खूण केल्याशिवाय बघतच नाही. म्हणून आधी 'एव्हरीथिंग' हे नावावरून फाइली शोधणारं सॉफ्टवेअर टाकलं. एनटीएफएस ड्राइव्हवर (विंडोजच्या डिस्कची नेहमीची मांडणी) सगळ्या फाइलींची एक मूळ नोंदवही असते, मास्टर फाइल टेबल. हे सॉफ्टवेअर तीच थेट वाचतं, त्यामुळे अख्ख्या डिस्कची नावं पाणी पिऊन येईपर्यंत तयार. एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीचा पेनड्राइव्ह किंवा नेटवर्कवरचं फोल्डर मात्र सेटिंगमध्ये जाऊन हाताने जोडावं लागतं.

तरीही 'शेतकऱ्याची' शून्य. नुसतं 'शेतक' टाकलं आणि यादी आली. त्यात 'शेतकऱ्याची कैफियत' नावाची फाइल सरळ समोर! क्लार्कने टाइप केलेलं आणि फाइलचं, दोन्ही नावं वर्डमध्ये एकाखाली एक चिकटवली. मागून बॅकस्पेस मारत 'या' काढला आणि एकेक अक्षरावर ऑल्ट-एक्स दाबलं; वर्ड त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक दाखवतं. क्लार्कने इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून काढलेला ऱ होता ०९३१. फाइलच्या नावात साधा र, ०९३०, मग हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. रफारऐवजी आडवा ऱ्य यावा म्हणून उच्चारावरून टायपिंग करून देणारी बरीच साधनं हा जॉइनर घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, सर्चच्या लेखी मात्र वेगळे. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'पायऱ्या' सगळीकडे हीच भानगड. असा शब्द शोधताना ऱ्यच्या आधीच थांबायचं.

ही फाइल मात्र निघाली भलत्याच दाव्यातली. नावाची आणखी एक चाळण लावली. वाटप कुणी मराठीत लिहिलेलं, कुणी इंग्रजी व्हीने, कुणी डब्ल्यूने. एव्हरीथिंगमध्ये उभी रेघ म्हणजे 'किंवा', मोकळी जागा म्हणजे 'आणि', उद्गारचिन्ह म्हणजे 'वगळा'. उभ्या रेघांनी तिन्ही रूपं जोडली आणि वर्डच्या ~$ ने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या फाइली वगळल्या. ७/१२चंही असंच. विंडोज नावात तिरकी रेघ चालू देत नाही, म्हणून कुणी ७-१२ लिहितो, कुणी ७_१२, कुणी नुसतं ७१२, आणि अंक कधी देवनागरी तर कधी इंग्रजी. प्रश्नचिन्ह एका अक्षराच्या जागी आणि तारांकन कितीही अक्षरांच्या जागी चालतं, पण देवनागरी ७ आणि इंग्रजी ७ आपोआप एक धरले जात नाहीत, दोन्ही रूपं लिहून उभ्या रेघेने जोडावी लागतात.

नावाने हाती लागेना तेव्हा मजकुराकडे वळलो. फाइलींच्या आतला मजकूर शोधणारं डॉकफेचर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि इन्स्टॉल न करता चालतं. डी ड्राइव्हवरच्या फोल्डरांचा इंडेक्स करायला लावला. इथे निकाल गुणांनुसार लागतात. शोधलेला शब्द त्या फाइलमध्ये किती वेळा आला आणि बाकी फाइलींमध्ये किती दुर्मीळ आहे, यावर गुण ठरतात. यातली दुर्मीळपणाची कल्पना कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडली. वकिलांच्या डिस्कवर 'वादी', 'प्रतिवादी', 'मिळकत' हे शब्द प्रत्येक फाइलमध्ये. ते टाकणं म्हणजे काहीच न टाकणं. गावाचं नाव आणि गट नंबर टाकला की यादी एकदम आखडते. शिवाय लांबलचक फाइलला गुण कमी पडतात, त्यामुळे दोनशे पानांच्या एकत्र पीडीएफमध्ये हवा तो कागद असला तरी तो खाली जाऊन बसतो. पहिल्या पाच निकालांवर थांबू नये.

पण गावाचं नावही फिरकेना. कारण उघड होतं: दावा युनिकोडच्या आधीच्या काळातला आणि तेव्हा टायपिंग श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. अशा फाइलमध्ये मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. इंडेक्स होताना चिन्हांवर शब्द तुटतात, म्हणून तो गिचमिड मजकूर कॉपी करून शोधला तरी भरवसा नाही. अशा फाइलीत इंग्रजी फॉन्टमध्ये काय असेल ते आधी आठवायचं. या ऑफिसात दावा क्रमांक नेहमी टाइम्स न्यू रोमनमध्ये असायचा. क्रमांक आणि साल अवतरणचिन्हात टाकलं, फाइलीचा प्रकार जुन्या वर्डचा डॉक एवढाच ठेवला, आणि थोड्याच फाइली उरल्या. त्या 'मॉडिफाइड'नुसार लावल्या. 'क्रिएटेड' बघण्यात अर्थ नव्हता, कारण कॉपी केल्यावर ती तारीख कॉपी केल्याची होते. 'मॉडिफाइड' मात्र जुनीच राहते. कैफियत निघाली 'डॉक१' या नावाने, 'डेस्कटॉप जुना'च्या पोटातल्या 'डेस्कटॉप'मध्ये.

तिची प्रत काढून नाव दिलं: साल, गाव, गट नंबर, कागदाचा प्रकार, या क्रमाने, सगळे अंक इंग्रजीत. स्कॅन केलेले फेरफार आणि उतारे अजून बाकी आहेत. छापील असतील तर ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी डेटाने वाचता येतील. हस्तलिखित जुन्या उताऱ्यांवर त्याचा उपयोग नाही. त्यांना क्लार्कने उघडून, वाचून, हातानेच नाव द्यायचं आहे.