सहा सिलिंडरचा एक्सल, आठ सिलिंडरचा जोर

डेट्रॉइटच्या आसपास जुनी फोर्ड मस्टँग बाळगणारे गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे मी 1966ची घेतली तेव्हा कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही. घेताना चासी नंबर मात्र मी नीट वाचला नव्हता. दुसरं अक्षर ‘एफ’, म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना. पाचवं ‘टी’, म्हणजे जन्माने 200 घनइंची, सहा सिलिंडरची. आधीच्या मालकाने तिच्यात 302 घनइंची, आठ सिलिंडरचं व्ही-8 बसवलं, पुढच्या चाकांना पाच नटांचे हब आणि डिस्क ब्रेक लावले, आणि मागचा एक्सल होता तोच ठेवला: 7.25 इंची क्राऊन (मागची चाकं फिरवणारं मोठं दातेरी चाक), चार नट. डिकीत स्टेपन्याही दोन, एक चार भोकांची, एक पाचांची. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

पुढच्या उन्हाळ्यात सिग्नलवरून निघताना मागून ‘कटक’ ऐकू आलं. कव्हर खोललं तर तेलात पोलादाचे कपचे, ज्वारीच्या कण्यांएवढे.

बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. व्हिडिओ कॉलवर त्यांना क्राऊन दाखवला. “अरे, बैलाच्या जागी हत्ती जुंपलाय, मग जू मोडणारच,” म्हणाले.

इथे यावर ठरलेला तोडगा म्हणजे 1995 ते 2001च्या फोर्ड एक्सप्लोररचा 8.8 इंची एक्सल. 31 स्प्लाइनचे, म्हणजे टोकाला 31 दाते असलेले शाफ्ट, डिस्क ब्रेक आणि पाच नटांचं तेच साडेचार इंची वर्तुळ. भंगारच्या आवारात आपले पाने आपणच न्यायचे, आपणच खोलायचं. कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची बारीक पट्टी असते, ती ब्रशने घासून वाचायची. मधे ‘एल’ असेल तर लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो. पाचव्या गाडीवर ‘3एल73’ दिसलं आणि मी चिखलात आडवा असतानाच ओरडलो.

पण हा एक्सल मस्टँगला रुंद पडतो आणि त्याचा डिफ्रेन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअरचा गोळा) मधोमध नसतो. शाफ्ट ज्यात फिरतो ती डावी नळी लांब, उजवी आखूड. म्हणून डावीकडून सुमारे 3 इंच कापायचे आणि दुसऱ्या एखाद्या एक्सप्लोररचा उजवा, आखूड शाफ्ट डावीकडे घालायचा. तो काढताना जी कसोटी लागली ती विसरणार नाही. शाफ्ट आतल्या टोकाला इंग्रजी सी अक्षराच्या क्लिपने अडकलेला असतो. आधी मधली पिन काढायची, तिला धरून ठेवणारा बोल्ट बारीक, आणि तो तुटतो म्हणून बदनाम. मी श्वास रोखून पाना फिरवला. सुटला. शाफ्ट बाहेरून आत ढकलला, क्लिप टुपकन तेलात पडली. कोपरापर्यंत हात काळा, आणि गिअर ऑइलचा तो सडका वास दोन दिवस जेवताना येत होता.

नळी कापून जोडायचं काम मी स्वतः केलं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी केसभर वाकली तरी बेअरिंग खातं. ज्यांच्याकडे हौसिंगच्या (एक्सलच्या बाहेरच्या खोळीच्या) आरपार जाणारा सरळ दांडा आहे अशांकडे दिलं. पैसे गेले, झोप लागली.

हौसिंग ज्यांवर टेकतं त्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका मात्र मीच वेल्ड केल्या, आणि तिथेच माती खाल्ली. मधलं अंतर 43 इंच, ते तीनदा मोजलं. पिनियनचा (क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचा) कोनही लावला, पण गाडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चाकं लोंबकळत असताना. वेल्डचे तात्पुरते टाके मारून थांबायचं, तर उत्साहात पूर्ण वेल्ड. गिअरबॉक्सचा जोर मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट कापून त्याच्या सांध्याचा नवीन क्रॉस बसवून आणला, ब्रेकच्या नळ्या ओढल्या, तेलात लिमिटेड स्लिपचं अ‍ॅडिटिव्ह घातलं आणि निघालो. ताशी 55 मैलांना आरसा असा थरथरायला लागला की मागची गाडी दोन दिसत होती.

बाबांना फोन केला. त्यांचा पहिलाच प्रश्न: “गाडी टेकवून मोजलंस का?”

मी गप्प.

“पाटा वजनाखाली सरळ होतो, हौसिंग त्याच्याबरोबर फिरतं. आधी वजन चाकावर येऊ दे, मग कोन बघ.”

टेकवून मोजलं तर कोन 4 अंशांनी हुकलेला. ग्राइंडरने बैठका कापायला अख्खा शनिवार गेला. या वेळी चाकं रॅम्पवर, टाकी भरलेली. गिअरबॉक्सचं शेपूट 3 अंश खाली, पिनियनचं नाक 2 अंश वर. आधी चार टाके, मग फेरी, मग पुन्हा मोजमाप. पूर्ण वेल्ड सर्वांत शेवटी, इंच-इंच, मधे थंड होऊ देत.

आता 70ला आरसा स्थिर असतो. चार भोकांची स्टेपनी विकून टाकली. हँडब्रेकची केबल तेवढी अजून लांबीला जमत नाहीये, म्हणून डिकीतल्या त्या रिकाम्या जागेत सध्या एक लाकडी ठोकळा आहे. आमच्या घरासमोर उतार आहे.